काळोखाचा शोध आणि काळोखाची राखण

आकाशदर्शनाला साधनसामग्री लागत नाही, दोन डोळे पुरेसे होतात, असे खगोलशास्त्राची प्राथमिक पुस्तके पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. हे विधान खरे आहे. तथापि त्यात एक अट गृहीत धरलेली असते आणि ती म्हणजे काळोख. ही पुस्तके प्रथम लिहिली गेली तेव्हा त्या अटीचा उच्चार करण्याची गरज नव्हती, कारण सूर्य मावळला की काळोख आपोआप होत असे. सांप्रत तो आपोआप होत नाही. शहरातील विद्यार्थी आकाशगंगेचे चित्र पाठ्यपुस्तकात पाहतो, तिची व्याख्या पाठ करतो, परीक्षेत ती बिनचूक लिहितो. पण गच्चीवर जाऊन तिचा शोध घेऊ लागला तर धुरकट, पांढुरक्या उजेडापलीकडे त्याच्या दृष्टीस काही पडत नाही. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलाने झाडच पाहिलेले नसावे, तशी ही स्थिती आहे.

यास्तव अशा मुलांना शिक्षणक्रमात निदान एकदा तरी खऱ्या काळोखाच्या जागी मुक्कामास नेणे, हे मी शाळेचे कर्तव्य समजतो. परंतु एवढे म्हणून थांबणे योग्य होणार नाही. काळोखी जागा शोधणे त्या मानाने सोपे आहे; सापडलेली जागा काळोखी राखणे कठीण आहे. या दुसऱ्या कामाकडे पाठ फिरवून पहिलेच काम आपण करीत राहिलो, तर शोधण्यासारखे फार काळ काही उरणार नाही. या पुस्तिकेत हेच मत मांडावयाचे आहे.

आपण काय गमावीत आहो?

निरभ्र व काळोख्या रात्री सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे निरोगी डोळ्यांस दिसतात. संपूर्ण खगोलावर अशा ताऱ्यांची संख्या सुमारे सहा हजार भरते, आणि एका वेळी क्षितिजाच्या वर त्यांतील अडीच-तीन हजार असतात. मोठ्या शहराच्या मध्यभागी उभे राहून मोजले तर ही संख्या शेकड्याच्याही खाली येते. मृगाचे ठळक तारे दिसतात, व्याध दिसतो, ग्रह दिसतात. परंतु आकाशगंगा दिसत नाही. सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे दूर असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसणारी देवयानी दीर्घिकाही दिसत नाही.

याचे एक घरगुती उदाहरण देतो. विवाहविधीत वधूवरांना अरुंधतीचे दर्शन घडविण्याची प्रथा आपल्याकडे पुरातन आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाच्या शेजारचा हा मंद तारा चौथ्या प्रतीचा आहे. मोठ्या शहराच्या भर वस्तीत तो बहुधा दिसत नाही. पुरोहित बोट दाखवितात, वधूवर मान डोलावतात आणि विधी पुढे चालतो. ज्या ताऱ्यासाठी तो विधी निर्माण झाला, तो मात्र त्या आकाशात कोणालाच दिसलेला नसतो.

ही हानी केवळ आपल्या देशापुरती नाही. इ. स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक कृत्रिम उजेडाने दूषित झालेल्या आकाशाखाली राहतात, आणि मानवजातीच्या एक-तृतीयांश भागाला राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसू शकत नाही. इ. स. २०२३ मध्ये दुसरे एक संशोधन प्रसिद्ध झाले. २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी केलेल्या सुमारे ५१ हजार निरीक्षणांवर ते आधारलेले होते, आणि त्यांतील बहुतेक निरीक्षणे युरोप व उत्तर अमेरिका येथील होती. त्यावरून आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसून आले. या वेगाने आठ वर्षांच्या आतच तो दुप्पट होतो. ज्या ठिकाणी बालकाच्या जन्मकाळी २५० तारे दिसतात, तेथे ते बालक अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच तारे उरतील, असा त्याचा अर्थ संशोधकांनी सांगितला आहे.

आकाश उजळते कसे?

दिव्याचा उजेड ज्या वस्तूवर पडावयास हवा तेवढ्यावरच पडता, तर आकाश उजळले नसते. परंतु पुष्कळ दिव्यांचा प्रकाश बाजूंना आणि वर निसटतो. हवेचे रेणू, धूलिकण व जलबिंदू यांच्यावर आदळून तो सर्व दिशांस विखुरतो आणि त्यातील काही अंश पुन्हा खाली, आपल्या डोळ्यांत येतो. ताऱ्यांचा प्रकाश कमी झालेला नसतो. त्याच्या भोवतीची पार्श्वभूमी उजळलेली असते. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने लिहावे आणि अक्षर दिसू नये, तसा हा प्रकार आहे.

हवेच्या रेणूंवरून होणारे विखुरणे तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून निळा प्रकाश अधिक विखुरतो; दिवसाचे आकाश निळे दिसते तेही याच कारणाने. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश पिवळा होता. त्यांच्या जागी आलेल्या शुभ्र एलईडी दिव्यांत निळ्याचा अंश बराच असतो, आणि हा निळा प्रकाश त्या पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट विखुरतो. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे एक कोटीहून अधिक पथदीप एलईडीचे झाले. त्यामुळे विजेची मोठी बचत झाली आणि ती स्वागतार्हच आहे. मात्र दिवा बदलताना त्याचा रंग व त्याचे झाकण यांचाही विचार सर्वत्र झाला असता, तर त्याच खर्चात आकाशही वाचले असते.

वेधशाळांचे देशांतर

उजेडापासून दूर पळणे हा उपाय ज्योतिर्विदांनी फार पूर्वीपासून करून पाहिला आहे. हैदराबाद येथे १९०१ साली निझामिया वेधशाळा स्थापन झाली आणि १९०८ साली ती बेगमपेठेस गेली. शहर वाढले, बेगमपेठ त्याच्या पोटात गेली, म्हणून दूरच्या जपाल-रंगापूर येथे १९६८ साली ४८ इंची दुर्बीण उभारण्यात आली. पुढे विस्तारणाऱ्या शहराचा उजेड त्याही आकाशापर्यंत पोहोचला. वाराणसी येथे १९५४ साली सुरू झालेली उत्तर प्रदेशाची वेधशाळा दुसऱ्याच वर्षी नैनितालला आणि १९६१ साली तेथील मनोरा शिखरावर गेली. त्याच संस्थेची ३.६ मीटर व्यासाची मोठी दुर्बीण मात्र २०१६ साली कार्यान्वित झाली ती मनोरा शिखरावर नव्हे, तर आणखी दूर, देवस्थळ येथील डोंगरावर.

या इतिहासावरून एक बोध स्पष्ट होतो. मनुष्य काळोखाच्या मागे जातो आणि उजेड मनुष्याच्या मागे जातो. एखाद्या संस्थेला वीस-पंचवीस वर्षांनी आपली दुर्बीण दुसऱ्या डोंगरावर नेणे कदाचित् शक्य होईल. परंतु शाळेला, गावाला किंवा सामान्य हौशी निरीक्षकाला असे कोठवर पळता येणार?

जागा कशी निवडावी?

तरीही शोध घ्यावाच लागतो, आणि तो डोळसपणे घेतला तर फार दूर जावे लागत नाही. शहराचा आकाशातील उजेड अंतरानुसार झपाट्याने घटतो. ढोबळ नियम असा की, तो अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे अंतर दुप्पट केले की उजेड एक-पंचमांशाहूनही कमी होतो. पन्नास किलोमीटरांऐवजी शंभर किलोमीटर जाण्याचे श्रम म्हणूनच वाया जात नाहीत.

दिशाही महत्त्वाची आहे. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग वृश्चिक व धनू या राशींत आहे आणि भारतातून तो दक्षिणेकडे दिसतो. तेव्हा मुक्कामाची जागा शहराच्या दक्षिणेस असावी, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी राहील आणि दक्षिण क्षितिज मोकळे मिळेल. दाट वनात काळोख असतो, परंतु आकाश नसते; म्हणून तलावाचा काठ, माळ किंवा पठार बरे. नदीकाठी व सखल भागी पहाटे धुके व दव असते, हेही ध्यानात घ्यावे.

उपग्रहांवरून केलेले रात्रीच्या उजेडाचे नकाशे आता सर्वांस पाहावयास मिळतात व त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण त्यांवर विसंबू नये. ज्या उपग्रहाच्या मोजणीवरून हे नकाशे प्रायः तयार होतात, त्यावरील उपकरणाला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे शुभ्र दिवे बसविलेले गाव नकाशात असते त्याहून काळोखे भासते. शिवाय जवळच्या पेट्रोल पंपाचा वा धाब्याचा झगझगीत दिवा नकाशात दिसत नाही, मुक्कामी मात्र रात्रभर डोळ्यांत खुपतो. म्हणून मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकांनी ती जागा एकदा दिवसा व एकदा रात्री स्वतः पाहून यावी. पाणी, रस्ता, दवाखाना, जागामालकाची अथवा वनखात्याची परवानगी आणि विंचूकाट्याचा बंदोबस्त या गोष्टी ताऱ्यांच्या आधी येतात.

तिथीची निवड आपल्याकडे अगदी सोपी आहे, कारण भिंतीवरील दिनदर्शिकेत ती छापलेलीच असते. कृष्ण अष्टमीस चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी दोन घटिका उशिरा येतो. कृष्ण एकादशीपासून शुक्ल तृतीयेपर्यंतच्या रात्री आकाशदर्शनास उत्तम होत. बहुतेक भारतात पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतचा काळ अनुकूल असतो.

जागेवर पोहोचल्यावर डोळ्यांस वेळ द्यावा. मंद प्रकाशात पाहणाऱ्या दृष्टिपटलावरील पेशी पूर्ण सज्ज होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि हातातील दूरध्वनीचा पडदा क्षणभर उजळला तरी ही तयारी वाया जाते. या पेशींना तांबड्या प्रकाशाची जाणीव फारशी होत नाही. म्हणून विजेरीच्या काचेवर तांबडा कागद लावण्याची जुनी युक्ती आजही चांगली आहे.

हानले आणि पेंच

आपल्या देशात अलीकडे काळोखाची रीतसर राखण सुरू झाली आहे, तिची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहाच्या साहाय्याने चालविता येते. या वेधशाळेच्या परिसरातील १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र डिसेंबर २०२२ मध्ये काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्यात माणसे राहतात आणि त्यांना तेथून हलविण्यात आलेले नाही. उलट, गावांतील चोवीस स्त्रीपुरुषांना आकाशदर्शनाचे शिक्षण व दुर्बिणी देण्यात आल्या. येणाऱ्या प्रवाशांना ते आकाश दाखवितात आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय संस्थेकडून काळोखी आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. असे हे भारतातील पहिले व आशियातील पाचवे उद्यान होय. वाघोली तलावाजवळ आकाशदर्शनाची सोय करण्यात आली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांच्या जागी केवळ खाली प्रकाश टाकणारे दिवे बसविण्यात आले. दिवे काढले नाहीत, बदलले, हे येथे विशेषेकरून ध्यानात घ्यावे.

ही दोन्ही कार्ये अभिनंदनीय आहेत. तथापि त्यांच्या कीर्तीत एक धोका दडलेला आहे. सर्वांत काळोखी जागा कोणती, हे प्रसिद्ध झाले की सर्वांची पावले तिकडेच वळतात. प्रवाशांमागोमाग वाहने येतात, वाहनांमागोमाग खानावळी व निवासस्थाने येतात, आणि प्रत्येक नवा दरवाजा आपला दिवा घेऊन येतो. ज्याच्यासाठी लोक आले ते त्यांच्या येण्यानेच नाहीसे होण्याचा संभव असतो. म्हणून माझे मत असे की, शाळांनी सर्वांत काळोखी जागा शोधू नये. पुरेशी काळोखी असलेली सर्वांत जवळची जागा शोधावी. आकाशगंगा स्पष्ट दिसली, अरुंधती सहज ओळखता आली, कृत्तिकांचा पुंज विलग झाला, की शालेय शिक्षणाचे काम झाले. त्यासाठी विरळ हवेत व कडाक्याच्या थंडीत लहान मुलांना नेण्याचे कारण नाही. जवळच्या जागेचा आणखी एक लाभ आहे. तेथे पुन्हा पुन्हा जाता येते, आणि जेथे आपण पुन्हा जाणार असतो तिचीच काळजी आपण घेतो.

एक रास्त आक्षेप

यावर कोणी विचारील, ज्या देशात खेड्यांना वीज मिळण्यास इतकी वर्षे लागली, तेथे काळोखाची महती गाणे शोभते काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मणिपूरमधील लायसांग या गावी वीज पोहोचून देशातील खेड्यांच्या विद्युतीकरणाची पूर्तता जाहीर झाली, ती २८ एप्रिल २०१८ रोजी. ज्या आजीने सारा जन्म रॉकेलच्या चिमणीवर स्वयंपाक केला, तिला काळोखाचे सौंदर्य सांगावयास जाणारा शहरी मनुष्य तिला वेडाच वाटेल.

आपली भाषाही या बाबतीत आजीच्याच बाजूची आहे. अंधार म्हणजे अज्ञान, उजेड म्हणजे ज्ञान, ही समजूत आपल्या शब्दाशब्दांत मुरली आहे. विज्ञानविषयक लेखन मराठीत आणणाऱ्यास ‘प्रकाश-प्रदूषण’ हा शब्द लिहिताना म्हणूनच क्षणभर थबकावे लागते. प्रकाशाने प्रदूषण होते, हे वाचकाच्या कानास प्रथम विपरीत वाटते. परंतु आहारात मीठ आवश्यक आहे म्हणून खारटपणा हा गुण ठरत नाही. प्रश्न उजेड असावा की नसावा हा नसून, तो कोठे, किती व केव्हा असावा हा आहे.

स्त्रियांच्या व वृद्धांच्या सुरक्षिततेचा मुद्दाही येथेच येतो. रस्त्यावर दिवा हवाच. परंतु उघड्या, झगझगीत दिव्याने डोळे दिपतात आणि त्याच्यामागील सावलीतील मनुष्य दिसेनासा होतो. झाकण असलेला दिवा रस्ता उजळतो आणि डोळे वाचवितो. वर निसटणारा प्रकाश खाली वळविला तर कमी विजेत तेवढेच काम होते. ‘काय उजेड पाडलास!’ असे आपण उपरोधाने म्हणतो; दिव्याकडून मात्र आपली अपेक्षा सरळ अर्थाने एवढीच असावी, की त्याने उजेड खाली पाडावा.

अन्य जीवांचा विचार केला तर ही गोष्ट अधिकच पटते. ओडिशाच्या किनाऱ्यावर वाळूतून बाहेर पडणारी सागरी कासवांची पिले उजळ क्षितिजाकडे धावतात. लाखो वर्षे ते क्षितिज समुद्राचेच होते. किनाऱ्यामागे दिवे लागले की पिले उलट दिशेने जातात आणि मरतात. त्यांना नकाशा पाहून दुसरा किनारा शोधता येत नाही.

शाळांनी व ग्रंथालयांनी काय करावे?

राज्ययंत्रणेने कायदे करावेत, ही मागणी योग्य आहे. चिलीने आपल्या उत्तर भागातील वेधशाळांच्या आकाशासाठी १९९८ साली, तर चेक प्रजासत्ताकाने संपूर्ण देशासाठी २००२ साली असे नियम केले. परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तीन गोष्टी आजच करण्याजोग्या आहेत.

पहिली, प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्यातील काळोख्या जागांची एक नोंदवही ठेवावी. जागेचे नाव, तेथे जाण्याचा रस्ता, परवानगी कोणाची घ्यावी, क्षितिज कोणत्या दिशेस मोकळे आहे आणि अमुक तिथीस तेथून काय दिसले, एवढे तीत असावे. दुसरी, प्रत्येक शाळेने दरवर्षी त्याच महिन्यातील अमावास्येच्या सुमारास त्याच ठरलेल्या जागी जाऊन, ठरलेल्या आकृतीतील तारे मुलांकडून मोजून घ्यावेत आणि ती संख्या त्या वहीत लिहावी. भाद्रपदाच्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात, एवढे मोजले तरी चालेल. दहा वर्षांनी ती वही म्हणजे त्या जिल्ह्याच्या आकाशाचा इतिहास होईल, आणि असा आधार हाती असल्याशिवाय दिवे बदलण्याचा आग्रह कोणापुढे धरता येत नाही. तिसरी, शाळेने प्रथम आपल्याच आवारातील दिवे पाहावेत. वर प्रकाश टाकणाऱ्या दिव्यास झाकण बसवावे, शुभ्रऐवजी पिवळसर दिवा लावावा आणि कोणी नसताना तो मालवावा. जी शाळा रात्रभर आपली रिकामी इमारत उजळून ठेवते, तिने मुलांना काळोख पाहावयास शंभर किलोमीटर दूर नेणे विसंगत होय.

प्रकाशाचे हे प्रदूषण एका बाबतीत इतर सर्व प्रदूषणांहून निराळे आहे. नदी शुद्ध होण्यास वर्षे लागतात, जमीन सुधारण्यास पिढ्या लागतात. दिवा खाली वळविला तर आकाश त्याच क्षणी तेवढे परत मिळते. तारे कोठेही गेलेले नाहीत. त्यांना पाहण्यासाठी दूर जावे लागते, हे आज खरे आहे. परंतु ते कायमचे खरे राहिले पाहिजे असे मुळीच नाही. मुक्कामाहून परतणाऱ्या मुलाने आपल्या गल्लीतील दिव्याकडे पाहून ‘याला झाकण का नाही?’ असे विचारले, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.